नव्या इंजनाची राखन

कोंडीरामाला हळू चालायला लावायचं काम माज्या गळ्यात पडलं, तवा बचत गटातल्या सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. हसा म्हनलं, हसा. तुमच्यातल्या एकीनं त्याच्यासंगं दिसभर होडीत बसून दाखवावं, मग दात काढावं.

आमचं गाव भीमेच्या काठाला, कर्जत तालुक्याच्या पार टोकाला. भीमा म्हनायची आपली सवयीनं, नदी कुठं राहिलीया ती! खाली धरन बांदलं, पानी तटलं आन् नजर पोचंल तितवर पसरलं. पल्याड इंदापूरची हद्द. बायांना रोजगार तिकडं, द्राक्षाच्या बागात. आमच्या कितीतरी पोरी तिकडंच दिलेल्या. रस्त्यानं वळसा घालून जायचं म्हनलं तर अर्दा दिस गाडीतच मोडतो. होडीनं गेलं की चहा निवायच्या आत पल्याड. म्हनून होडी हीच आमची एस्टी, आन् कोंडीराम भोई तिचा डायवर, कंडक्टर, सगळंच. मी लगीन हुऊन या गावात आले तवापासनं त्यालाच बघते.

मानूस वाईट न्हाई. बाईमानसाकडं वर नजर करून बघनार न्हाई, अडल्या-नडल्याला फुकट सोडंल, कुनाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई. पन घाई! आगं बया, काय ती घाई! घास तोंडात असतो तवर चप्पल पायात. बोलतो ते निम्मं तोंडात, निम्मं वाऱ्यावर. मयताला गेला तर तिरडी वेशीत असती आन् हा मसनवाट्यात लाकडं रचून मोकळा. लग्नात म्हनं शेवटची मंगलाष्टका संपायच्या आदीच ह्यानं हार घातला. भटजी वरडला, "अहो थांबा, सावधान व्हायचंय अजून!" त्याची बायकू सत्यशीला म्हनती, "ह्यांनी माज्याशी एक वाक्य पुरं बोललं ना, त्या दिशी मी गावात साखर वाटीन." अजून काय वाटली न्हाई तिनं.

त्याच घाईत त्यानं दोन इंजनं खाल्ली. दोन्ही जुनीपानी, कुनाच्यातरी विहिरीवरनं उतरवलेली. ती हा अशी तानायचा की मागं काळ्या धुराचा लोट आन् पुढं आमी बाया होडीच्या फळ्या घट्ट धरून देवाचं नाव घेतोय. त्यातबी मदल्या पान्यात गेला की ह्याच्या अंगात काय यायचं कुनास ठाऊक, असंल नसंल तेवडी रेस द्यायचा. गेल्या उन्हाळ्यात दुसरं इंजन तसंच तानताना मदीच बसलं. पिस्टन चिकटला म्हनं. वर टळटळीत ऊन, खाली पानी, आन् आमी बाया निरोप पोचून दुसरी होडी यायची वाट बघत तळत बसलेलो. कोंडीराम ह्या टोकापासनं त्या टोकाला, त्या टोकापासनं ह्या टोकाला नुस्ता येरझाऱ्या घालत हुता, होडी डुलतीया, आन् माजी जीभ चाललीया. त्या दिशी मी त्याला काय काय बोलले ते हितं सांगत न्हाई.

त्यातनंच गटाची बैठक झाली. होडी बंद पडली की सगळ्यात आदी आमचा बायांचा रोज बुडतो, तवा इंजन आपल्या बचत गटानंच घ्यायचं ठरलं. नवं. कोरं. आमच्या काठाला होडीला कोरं इंजन लागल्यालं आजवर कुनी बघितलं न्हवतं. टेम्पोतनं ते उतरलं तवा बाप्ये बी बघायला जमले, आन् कोंडीरामानं हात लावायच्या आदी पान्यात जाऊन दोन्ही हात चोळून धुतले. ते बघून मला कसंतरीच झालं. पन मी काय तसं दाखवलं न्हाई.

इंजन बसवायला मिरजगावचा गोरक्षनाथ मिस्त्री आल्ता. बसवून झालं तवा त्यानं सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "आता ह्याचं रनिंग नीट काढा. पहिलं ऑइल मी यिऊन बदलंस्तवर निम्म्याच्या वर रेस न्यायची न्हाई. वझं निम्मंच भरायचं. एकाच चालीवर बी ठिवायचं न्हाई, जरा कमी, जरा जास्त, पन सगळं निम्म्याच्या आत. आतलं लोखंड एकमेकाला घासून जागा करून घेतंय. त्याला जागा करू द्या. आता तानलं तर जल्माचं बिघडंल."

काकासाहेब हुतेच तितं. गावात कायबी नवं आलं की त्यांचा सल्ला ठरल्याला. ते म्हनले, "त्यापरीस काठाला बांदून रातभर मोकळं भकभकत ठिवा की. आमी विहिरीवरच्या सगळ्या इंजनांना तसंच करायचो."

"म्हनूनच तुमची सगळी इंजनं ऑइल प्यायची," मिस्त्री म्हनला. "बिनकामाचं भकभकवलं तर आतनं गुळगुळीत हुतंय, मग रिंगा धरत न्हाईत. त्याला काम पायजे, पन बेतानं."

बेतानं! हा शबूद कोंडीरामासमोर काढला आन् बाया माज्याकडं बघायला लागल्या. गटाची सेक्रेटरी ज्योती, पोरगी वयानं लहान पन डोक्यानं पक्की. तिनं सरळ ठराव मांडला. रनिंग हुईस्तवर निम्म्याच्या वर एकदा जरी रेस गेली, तर इंजन होडीवरनं काढायचं आन् काकासाहेबाच्या पोराच्या, पंकजच्या होडीला लावायचं. पंकजची होडी नवी, पत्र्याची, काठाला पालथी पडून हुती. इंजनाची वाट बघत पडली हुती म्हना. आन् लक्ष ठिवायला रोज होडीत कोन बसनार? चांगुणाकाकू, म्हनजे मी. का तर म्हनं तिच्या तोंडाला कोंडीराम भेतो.

रेसच्या दांडीवर निम्म्याची खून करायची हुती. खडूनं केली तर पान्यानं पुसली. मग माज्या सुनंची लाल नेलपॉलिश आनून मी चांगला बोटभर पट्टा वढला. सून अजून बोलती त्यावरनं.

कोंडीराम ठराव ऐकून नुस्ता मान हलवत राहिला आन् बैठक संपायच्या आदी उठून गेला. पन दुसऱ्या दिशी सत्यशीला माज्या दारात यिऊन उभी. म्हनाली, "आक्का, त्यांच्या हातनं इंजन गेलं तर ते काय करतील? शेत न्हाई, दुसरा धंदा येत न्हाई. ते पान्यावर नसलं ना, की घरात नुस्तं ह्या भिंतीवरनं त्या भिंतीवर आपटत्यात. मागं होडी बंद हुती ते दिस मीच जानते." मी म्हनलं, बाई, मी काय त्याच्या वाईटावर न्हाई. निम्म्यावर चालव म्हनावं, इंजन त्याचंच हाय.

झालं, आमचं रनिंग सुरू झालं. सकाळी पहिल्या फेरीला मी सुकानूजवळच्या फळीवर बसायचे, नजर लाल पट्ट्यावर. होडी चालायची कसली, रांगायची. फुट फुट फुट फुट. जुन्या इंजनाला जेवडा येळ लागायचा त्याच्या दुप्पट. पल्याडचा मुकादम घड्याळ दाखवून बायांवर वरडायचा, बाया माज्यावर वरडायच्या, मी कोंडीरामावर, आन् कोंडीराम कुनावर वरडनार? पाय नाचवत बसायचा. बोटं फळीवर बडवायचा. एकदा म्हनला, "वहिनी, मी उतरून पवत जातो, तुमी आना होडी मागनं." मला हसू फुटलं, पन मी म्हनलं, "पवा. पन दांडीला हात लावायचा न्हाई."

खरं सांगते, माजाच जीव वर-खाली व्हायचा. मलाबी काय सोसत न्हाई असलं हळू हळू. घरी दहा कामं, आन् मी हितं नेलपॉलिशकडं बघत बसलीया! दूधवाला रविराज तर चार दिसांत कट्टाळला. कॅनी पिकअपमदी घालून रस्त्यानं निघाला. "तोवर दूध नासंल, काकू," म्हनाला. शाळेचे मास्तरबी रस्त्यानं जायला लागले. पोरंबी. निम्मंच वझं भरायचं म्हनून मागं राहिलेली मानसं शिव्या देत माघारी जायची. पंकज काठाला उभा राहून रोज हसून रामराम घालायचा. तो रामराम कोंडीरामाला कसा झोंबायचा ते मला दिसायचं.

पन एक गंमत झाली. म्हातारी मानसं यायला लागली. कोंडीरामाच्या होडीत पाय ठिवायचा तर काळीज घट्ट करावं लागायचं, म्हनून जी कदी बसलीच न्हवती, ती आता काठी टेकत काठाला. कुनाला पल्याडच्या भनीला भेटायचं, कुनाला दवाखान्यात जायचं. एक म्हातारा तर नुस्ता बसून पल्याड गेला आन् तसाच बसून माघारी आला. म्हनला, लई बरं वाटलं. गावात बोभाटा झाला की कोंडीरामाची होडी आता बाळतिनीवानी चालतीया.

सगळं नीट चाललं हुतं, पन एक गोष्ट मला खटकायची. मदल्या पान्यात एक जागा यायची. खालचं जुनं गाव तितं बुडालंय, धरनात गेलेलं. मी काय ते बघितलेलं न्हाई, मी सून म्हनून आले ती वरच्या नव्या गावठानात. पान्यावर तितं काय दिसतबी न्हाई. उन्हाळ्यात पार आटलं तर देवळाचं एक टोक वर येतं, तेवडंच. पन त्या जागी होडी आली की कोंडीरामाची मान पल्याडच्या काठाकडं ताठ व्हायची. डावीकडं न्हाई, उजवीकडं न्हाई, खाली तर न्हाईच. हात दांडीवर, आन् दांडी लाल पट्ट्याकडं सरकायला लागायची. मी खाकरले की हात थांबायचा. पुढं गेलं की पुन्ना पाय नाचवायला मोकळा. रोज त्याच जागी. जुन्या इंजनाला ज्या जागी हा पिसाळल्यागत तानायचा, तीच ती जागा.

त्याचा बाप तितंच गेला, एवडं मला ऐकून ठावं हुतं. गाव उठलं तवा, घराची भिजलेली भिंत अंगावर पडून. कोंडीराम तवा नऊ-दहा वर्साचा. त्यापरीस जास्त कुनी कदी मला काय सांगितलं न्हाई, आन् मी इचारलं न्हाई.

मिस्त्री दोन दिसांवर यायचा हुता, ऑइल बदलायला. म्हनजे सगळं पार पडतच आल्यालं. आन् तवाच ह्यानं घात केला. फेरी मोकळी हुती, आमी दोघंच. मी जरा पान्यात हात घालून तोंड धुवायला वाकले, तर इंजन एकदम डरकाळलं, होडीनं नाक वर केलं आन् मी फळीवरनं खाली. वर बघते तर दांडी लाल पट्ट्याच्या पार पलीकडं! कोंडीराम समोर बघतोय, दात आवळून.

"भावजी!" मी अशी वरडले की बगळे उडाले.

हात खाली आला. इंजन निवलं. पन झालं ते झालं हुतं. मी म्हनलं, "काय केलंत हे? दोन दिस! दोन दिस धीर धरवत न्हाई? उद्या संध्याकाळी बैठक हाय. मी काय तितं खोटं बोलायची का?"

"वहिनी," तो म्हनला, आन् थांबला. पुढचं न्हेमीसारखं वाऱ्यावर गेलं.

"पुरं बोला!"

"तितं हळू न्हाई जाववत मला. बाकी कुठंबी सांगा. तितं न्हाई."

मला राग आल्ता तेवडा आल्ता, पन त्याचं तोंड बघून माजा आवाज बसला. पांढरं पडलं हुतं तोंड. तरी मी म्हनलं, "उद्या दुपारी माज्यासमोर तितनं निम्म्यावर जाऊन दाखवा. गेला, तर बघू मी काय सांगायचं ते. न्हाई गेला, तर इंजन पंकजचं. माज्या हातात दुसरं काय न्हाई." त्या रातीला माजा डोळ्याला डोळा लागला न्हाई. सत्यशीला दारात उभी दिसायची सारखी.

दुसरा दिस बाजाराचा, बायांची दुपारीच सुट्टी. त्यांना आनायला मोकळी होडी न्यायची हुती. मी काठाला गेले तर होडीत कडूबाई बसलेली. कोंडीरामाची आई. ऐंशीच्या घरातली म्हातारी, वाळून काडी झाल्याली, पन जीभ नावासारखी. हिनं पोराच्या होडीत जल्मात पाय ठिवला न्हवता. कोंडीराम खाली चिखलात उभा राहून वैतागत हुता.

"आये, उतर. ऊन हाय, वारं सुटंल, कशाला उगाच..."

"म्हनं हळू चालतीया आता तुजी होडी. मग बसनार मी. मला गावावर ने."

"कुठल्या गावावर?"

"आपल्या. किती गावं हायेत तुला?"

कोंडीरामानं माज्याकडं बघितलं. काय सांगू, तसं बघनं देवानं कुनाच्या नशिबी आनू नये. तो मला म्हनत हुता की हिला उतरवा. पन मी कोन उतरवनार? मी आपली फळीवर बसले. म्हनलं, "चला भावजी, बाया खोळंबल्यात."

निघालो. फुट फुट फुट. वारं खरंच सुटलं हुतं, पान्यावर बारक्या लाटा उठल्या हुत्या. म्हातारी दोन्ही हातांनी फळी धरून वाकून पान्यात बघत बसल्याली. मी लाल पट्ट्याकडं बघू की कोंडीरामाकडं बघू, हे कळंना. माजंच काळीज इंजनापेक्षा जोरात चाललेलं. ती जागा जवळ आली. त्याची मान ताठली. हात दांडीवर गेला. मी खाकरायला तोंड उघडलं, तवर म्हातारी म्हनली, "बंद कर ते."

"आये, वारं हाय. होडी आडवी हुईल."

"हुईना. बंद कर म्हनते ना!"

त्यानं इंजन बंद केलं. एकदम सगळं गप झालं, नुस्त्या लाटा होडीला चापट्या मारत्यात. होडी हळूहळू आडवी व्हायला लागली. माजा फोन वाजला, पल्याडनं ज्योती. मी तो बंद करून पदराखाली दडपला.

"वेस कुठं असंल रं?" म्हातारीनं इचारलं.

कोंडीरामानं खाली न बघताच हात केला. "हितं. हा मारुतीचा पार. आपलं घर त्या अंगाला." मी चाटच पडले. पान्यावर काय खून न्हाई, काय न्हाई, आन् ह्याला वितीवितीनं ठावं! कितीदा तरी ह्या जागेवरनं हा डोळे मिटून पळाला असंल, आन् तरी त्याला सगळं ठावं.

मग तो बोलला. उभ्या जल्मात मी त्याला एवडं सलग बोलताना ऐकलं न्हाई. "आये, मी तवाच आलो असतो तर बा वाचला असता."

"कुठनं आला असतास?"

"पारावरनं. गल्लीत पानी शिरल्तं. त्यात मासं आल्तं, मी धरत बसल्तो. गाडी भरली, तू हाका मारल्यास. मला ऐकू आल्त्या. मी म्हनलं जाऊ की, एवडी काय घाई. तवर बा मला हुडकायला माघारी घरात गेला आन् भिंत..."

म्हातारी त्याच्याकडं बघतच राहिली. "हे तुला कुनी सांगितलं?"

"आत्या रडताना म्हनली की. पोरापायी गेला माजा भाऊ. सगळ्यांसमोर म्हनली."

"आन् तू ते धरून बसलास? एवडी वर्सं?"

होडी पार आडवी झाल्ती, पानी फळीवरनं आत उडत हुतं. मी ओंजळीनं ते बाहीर टाकायला लागले.

म्हातारीनं डोईवरचा पदर सारखा केला. मग म्हनली, "तुला हुडकायला न्हाई गेला तो. तू पारावर बसल्याला त्याला दिसत हुतास. मी म्हनलं, त्याला आना, तर म्हनला, राहू दे, खेळू दे, आजच्या दिस तर हाय हे गाव, जाताना उचलून घिऊ. तो गेला चौकट काढायला. दाराची चौकट. माज्या बापानं करून दिल्याली, सागवानी. तो म्हनला, नगं, भिंत भिजलीया, जाऊ दे ती. मी म्हनलं, लोकांच्या बायकांच्या चौकटी, तुळया, समदं वर गेलं, माजंच तेवडं पान्यात घालता व्हय? लई बोलली मी त्याला. चारचौघांत बोलली. मग गेला. मी धाडला त्याला, कोंड्या. माज्या तोंडापायी गेला तुजा बाप."

देवा रे! मी पदर तोंडात कोंबला. कोंडीराम बसल्या जागी दगड झाला हुता. त्याचे पाय नाचत न्हवते, बोटं बडवत न्हवती, काय काय हलत न्हवतं.

तसाच बसून तो म्हनला, "मग मला का न्हाई सांगितलंस?"

"मला काय ठावं तू हे उरावर घिऊन पळतोस? कदी दोन घटका टेकलास व्हय माज्यापाशी? आला की चालला, आला की चालला." म्हातारीचा आवाज पहिल्यांदाच हालला. "आन् सांगितलं असतं, आन् तूबी माज्याकडं बघायचं सोडलं असतंस, तर? तू एकलाच राहिला हुतास मला."

कोंडीराम उठला. मला वाटलं आता हा पान्यात उडी घेतो का काय. तर त्यानं इंजन चालू केलं, होडीचं तोंड सरळ केलं, सुकानू माज्या हातात दिलं आन् म्हनला, "वहिनी, धरा जरा. सरळ पल्याड." मी जल्मात कदी सुकानू धरलं न्हवतं! होडी वेडीवाकडी, मी घामाघूम. आन् हा आईच्या पायाशी, होडीतल्या पान्यातच बसला. ती त्याच्या डोक्यावरनं हात फिरवत हुती. पिकल्या केसाचा, साठीला आल्याला गडी तो, पन हमसून हमसून रडला. मी दांडीकडं बघितलं. निम्म्याच्या आतच हुती.

पल्याड पोचलो तर बाया पिसाळल्याल्या. मी होडी चिखलात घुसवली कशीबशी. ज्योती कंबरेवर हात दिऊन उभी. "काकू, कुठं हुता? पाय मोडलं आमचं. फोन बंद, मदल्या पान्यात इंजन बंद! बिघडलं का? ह्यांनी तानलं का?"

सगळ्यांच्या नजरा माज्यावर. कोंडीरामानं मान खाली घातली हुती.

मी म्हनलं, "काल एकदा तानलं. मी डोळ्यांनी बघितलं, माजी राखन हाय, मी खोटं बोलनार न्हाई. आन् आता इंजन कुनाला काढायचं असंल तर त्यानं आदी मला पान्यात ढकलावं, मग इंजनाला हात लावावा. इंजन हितनं हालनार न्हाई. का, कसं, मला इचारायचं न्हाई. बसायचं असंल तर बसा, न्हाईतर रस्त्यानं जा."

ज्योती माज्याकडं बघत राहिली, मग म्हातारीकडं, मग कोंडीरामाच्या सुजल्याल्या डोळ्यांकडं. पोरगी शानी. "निम्म्या निम्म्या बसा गं," म्हनाली, "वझं भरायचं न्हाई."

कोंडीरामानं सुकानू घेतलं. माघारी येताना ती जागा आली. हात दांडीवर हुता, पट्ट्याच्या आत, आन् तो खाली पान्यात बघत हुता. बाया बाजाराचं बोलत हुत्या. कुनाला काय कळलं न्हाई.

आपल्या काठाला होडी लागली, तवा बायांची उतरायची झुंबड उडाली. बाजार उठंल, एस्टी जाईल, हलवा की पाय! कोंडीराम आदी उतरला, गुडघाभर चिखलात उभा राहिला, आन् फळी आडवून त्यानं म्हातारीला हात दिला. मागनं बाया ढकलायला लागल्या. "अहो दाजी, आमाला उतरू द्या की आदी, म्हातारीला काय घाई हाय?"

त्यानं वर बघितलंबी न्हाई. "हळू, आये," तो म्हनला. "हळू ये. ह्या थांबत्यात."